लिनक्स मिंटवर ब्लूटूथ हेडफोन सारखा तुटतोय, टर्मिनलमधून कारण कसं शोधायचं?

टाकाळा_डीटीपी | गुरुवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, सगळं एकदाच सांगतो म्हणजे तुम्हाला परत परत विचारायला नको.

घरी एक २०१७ सालचा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. माझं डीटीपीचं काम लॅपटॉपवर गेल्यापासून तो वडिलांकडेच असतो. वडील ७६ वर्षांचे आहेत, डाव्या कानानं कमी ऐकू येतं. त्यांनी पूर्वी सांगली आकाशवाणीवरनं कीर्तनं, नाट्यसंगीत असं कायकाय कॅसेटवर टेप करून ठेवलेलं, ते सगळं मी लॉकडाऊनमध्ये बसून एमपीथ्री केलं आणि एका बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवलंय. रोज रात्री जेवण झालं की ते एक कॅसेट ऐकतात. आई त्याच खोलीत झोपते म्हणून स्पीकर लावता येत नाही, हेडफोनच लागतो, आणि वायर पायात येते म्हणून ब्लूटूथचा घेतला.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला आणि हे मशीन विंडोज ११ घेत नाही, म्हणून मिंट २२ टाकलं. ब्लूटूथचा छोटा यूएसबी डाँगल आहे, नखाएवढा, कॅबिनेटच्या मागं लावलेला. मिंट टाकल्यावर पहिले चार दिवस असं झालं की दिवसा मी तपासायला गाणं लावलं की एकदम चांगलं चालायचं आणि रात्री वडिलांनी लावलं की दर दोन-तीन सेकंदाला आवाज तुटायचा. मग मी दोन-तीन व्हिडिओ बघून त्यात सांगितलेल्या कमांड टाकत गेलो, आणि आता तर ब्लूटूथ सुरूच होत नाही, वरच्या पट्टीतल्या चिन्हावर क्लिक केलं की नुसतं करडं दिसतं.

वडील काही बोलत नाहीत. हेडफोन काढून उशाशी ठेवतात आणि छताकडं बघत पडून राहतात. मला ते बघवत नाही. कुणाला माहिती असेल तर सांगा, टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) वापरायची तयारी आहे.

उद्यमनगर_लेथ | गुरुवार, रात्री १०:४०

भावा, पहिलं एक काम कर, आता कुठल्याही व्हिडिओतली कमांड टाकायची बंद कर. तुझ्याकडं आता दोन वेगळे बिघाड आहेत, एक मूळचा रात्री तुटायचा आणि एक त्या कमांडींनी झालेला. दुसरा आधी काढू, मग पहिल्याकडं जाऊ, दोन्ही एकदम धरलंस तर कशानं काय झालं ते कळणार नाही.

आमच्याकडं मशीन बंद पडलं की आधी मेनस्विच बघतात, मग फ्यूज, मग मोटर, मग गिअर. ब्लूटूथचंही तसंच, खालनं वर जायचं. मशीनला डाँगल दिसतोय का, त्याला कुलूप लागलंय का, चिपला तिचं फर्मवेअर (चिपेच्या आत चालणारा प्रोग्रॅम) मिळालं का, ब्लूटूथची सर्व्हिस (मागं चालणारा प्रोग्रॅम) चालू आहे का, आणि हे सगळं बरोबर असेल तरच पेअरिंगकडं बघायचं. लोक उलट करतात, पेअरिंगवरच दोन तास घालवतात.

कमांड इथं देवनागरीत लिहितोय, तू टर्मिनलमध्ये इंग्रजी छोट्या अक्षरांत टाक, डीमेसेजचं स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी एवढंच. एकेक टाकायची आणि जे येईल ते इथं लिहायचं:

एलएसयूएसबी
आरएफकिल लिस्ट
सुडो डीमेसेज | ग्रेप -आय ब्लूटूथ
सिस्टमसीटीएल स्टेटस ब्लूटूथ

ह्या चारही नुसत्या बघायच्या कमांड आहेत, ह्यांनी काही बिघडत नाही. निवांत टाक.

टाकाळा_डीटीपी | गुरुवार, रात्री ११:०५

धन्यवाद दादा. हे आलं:

एलएसयूएसबीमध्ये एक ओळ आहे ०ए१२:०००१ आणि पुढं केंब्रिज सिलिकॉन रेडिओ, ब्लूटूथ डाँगल.

आरएफकिलमध्ये एचसीआय० ब्लूटूथ, त्याखाली सॉफ्ट ब्लॉक्ड: येस, हार्ड ब्लॉक्ड: नो.

डीमेसेजमध्ये बऱ्याच ओळी आहेत, त्यातली एक मला वेगळी वाटली, अनब्रँडेड सीएसआर क्लोन डिटेक्टेड असं काहीतरी.

सर्व्हिस ॲक्टिव्ह रनिंग दाखवतीय, हिरव्या रंगात.

उद्यमनगर_लेथ | गुरुवार, रात्री ११:२०

सापडलं की. सॉफ्ट ब्लॉक्ड येस म्हणजे सॉफ्टवेअरनं कुलूप लावलंय, कुठल्यातरी व्हिडिओतल्या कमांडनं लागलं असणार. हार्ड ब्लॉक्ड येस असतं तर एखादं बटण किंवा बायॉसची सेटिंग शोधावी लागली असती, ते लॅपटॉपवर जास्त होतं. तुझं हे एका ओळीत उघडतं:

सुडो आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ

मग परत आरएफकिल लिस्ट टाकून दोन्हीकडं नो आलंय ना तेवढं बघ.

आता ती क्लोनची ओळ. सीएसआर म्हणजे केंब्रिज सिलिकॉन रेडिओ, ब्लूटूथच्या चिपा करणारी खरी कंपनी, २०१५ ला क्वालकॉमनं विकत घेतली. त्यांच्या चिपेच्या नकला बाजारात रग्गड आहेत, सगळ्या तोच ०ए१२:०००१ नंबर लावून येतात. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, आता ह्या नकला ओळखता येतात आणि त्यांच्यासाठी तो थोडी वेगळी वागणूक ठेवतो, ती ओळ म्हणजे तेच. डाँगल नकली आहे म्हणून लगेच फेकू नको, बरेच नीट चालतात. उद्या वाटलं तर बदल, आज कारण शोधू.

शाहूपुरी_३री_गल्ली | शुक्रवार, सकाळी ८:३०

लेथदादांनी खालनं वर जायचं सांगितलंय ते सोळा आणे खरं आहे, मी माझ्याच घरातलं सांगतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण उपयोग होईल.

माझ्या डेस्कटॉपमध्ये डाँगल नाही, मदरबोर्डवर पीसीआय स्लॉटमध्ये वायफाय-ब्लूटूथचं एकत्र कार्ड आहे. नवीन बसवलं तेव्हा वायफाय चालू आणि ब्लूटूथचा पत्ताच नाही. सेटिंगमध्ये नो ॲडॉप्टर. मी आठवडाभर ड्रायव्हर ड्रायव्हर करत बसलो. मग एलएसपीसीआय टाकलं तर कार्ड दिसतंय, एलएसयूएसबी टाकलं तर ब्लूटूथची ओळच नाही. ह्या कार्डांची रचना अशी असती की वायफाय पीसीआयवरनं चालतं पण ब्लूटूथ यूएसबीवरनं चालतं, आणि त्यासाठी कार्डापासून मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी जागेला एक बारीक केबल जोडायची असती. ती केबल खोक्यात तशीच पिशवीत पडलेली. जोडली, मशीन चालू केलं, एलएसयूएसबीत कार्डाची, इंटेल नावाची ओळ आली, झालं काम. कुठला ड्रायव्हर नाही की काही नाही.

आणि दुसरं, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात व्हीनस कॉर्नरच्या बाजूनं पाणी यायला लागलं तसं आम्ही सगळं सामान वरच्या मजल्यावर नेलं, कॅबिनेट पण. नेताना कार्डाच्या मागच्या दोन अँटेना आडव्या येत होत्या म्हणून भावानं पिळून काढल्या. पाणी उतरल्यावर मशीन खाली आणलं, सगळं जोडलं, अँटेना राहिल्या. नंतर कित्येक महिने माऊस हातभर अंतरावर चालायचा आणि खुर्ची मागं सरकवली की तुटायचा. वायफाय आणि ब्लूटूथ त्याच अँटेना वापरतात हे मला माहीतच नव्हतं. शेवटी आईला शिलाईच्या डब्यात त्या सापडल्या.

तर टर्मिनल टर्मिनल करताना एकदा कॅबिनेटच्या मागं बॅटरी मारून बघा, एवढंच.

टाकाळा_डीटीपी | शुक्रवार, दुपारी १:१५

अनब्लॉक केलं, चिन्ह निळं झालं! खूप आनंद झाला. पण हेडफोन कनेक्ट होत नाही. यादीत नाव दिसतं, क्लिक केलं की फिरतं आणि कनेक्शन फेल्ड येतं.

उद्यमनगर_लेथ | शुक्रवार, दुपारी १:५०

चिन्हावरनं करू नको, त्यात नक्की काय चुकलं ते दिसत नाही. टर्मिनलमधनं कर, तिथं कारण छापून येतं.

आधी तुझ्या मोबाईलचं ब्लूटूथ बंद कर. हेडफोन कधीतरी मोबाईलला जोडला असशील तर तो चालू झाल्याबरोबर तिकडंच पळतो आणि डेस्कटॉपला हात देत नाही. घरातल्या सगळ्यांचे बंद कर दहा मिनिटं.

मग टर्मिनलमध्ये ब्लूटूथसीटीएल टाक. आता तू त्याच्या आत गेलास, समोरची खूण बदलेल. डिव्हायसेस टाकलंस की जुन्या ओळखीची उपकरणं दिसतील, प्रत्येकापुढं बारा आकडी-अक्षरी पत्ता, दोन-दोन करून कोलननं तोडलेला. हेडफोनचा जुना पत्ता आधी रिमूव्ह कर, जुनी अर्धवट ओळख राहिली की नवी नीट होत नाही. मग हेडफोनचं बटण लाल-निळं लुकलुकेपर्यंत दाबून धर आणि आत हे टाकत जा:

पॉवर ऑन
एजंट ऑन
स्कॅन ऑन

नाव दिसलं की स्कॅन ऑफ. मग पेअर आणि पत्ता, ट्रस्ट आणि पत्ता, कनेक्ट आणि पत्ता. पत्ता सगळा टाईप करायला नको, पहिली दोन-तीन अक्षरं टाकून टॅब दाब, बाकीचा आपोआप येतो.

ट्रस्ट विसरू नको. पेअर म्हणजे ओळख झाली, पण ट्रस्ट केल्याशिवाय उद्या हेडफोननं आपणहून दार वाजवलं तर मशीन तुला विचारत बसतं, नाहीतर सरळ नाही म्हणतं. वडिलांनी बटण दाबलं की आपोआप जोडलं जायला पाहिजे ना, त्यासाठी ते आहे.

टाकाळा_डीटीपी | शुक्रवार, दुपारी ३:३०

पेअरिंग सक्सेसफुल आलं. ट्रस्ट पण सक्सिडेड. कनेक्टला मात्र फेल्ड टू कनेक्ट आणि शेवटी बीआर-कनेक्शन-प्रोफाइल-अनअव्हेलेबल असं आलंय. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

रंकाळा_टॉवर | शुक्रवार, दुपारी ४:१०

हे मला माहीत आहे, मध्ये बोलतो. हा एरर आला म्हणजे ब्लूटूथचा काही दोष नाही. दोघांची भेट झाली, ओळख झाली, पण हेडफोन म्हणतोय मला आवाज द्या आणि तुमच्या मशीनवर आवाज द्यायला पुढं कुणी येत नाही. मिंट २२ मध्ये आवाजाचं सगळं काम पाईपवायर बघतं, आणि पाईपवायरला ब्लूटूथशी बोलायला एक वेगळं पॅकेज लागतं. तुम्ही व्हिडिओ बघून पल्सऑडिओ (आवाजाची जुनी यंत्रणा) वगैरे काही टाकलंय का? ते टाकताना हे पॅकेज निघून जाऊ शकतं, एपीटी (पॅकेज टाकणारा-काढणारा प्रोग्रॅम) विचारतं पण आपण वाय दाबून मोकळे होतो.

शोधायचं कसं, तर एपीटी सगळ्याची नोंद ठेवतं. लेस /व्हार/लॉग/एपीटी/हिस्ट्री.लॉग उघडा, तळाशी जा, तुम्ही ज्या दिवशी कमांड टाकल्या ती तारीख बघा आणि रिमूव्ह असं लिहिलेल्या ओळीत काय काय आहे ते वाचा.

टाकाळा_डीटीपी | शुक्रवार, दुपारी ४:४५

आहे! मंगळवारच्या नोंदीत इन्स्टॉल पल्सऑडिओ आणि रिमूव्हच्या ओळीत चार-पाच नावं, त्यात लिबस्पा-०.२-ब्लूटूथ.

रंकाळा_टॉवर | शुक्रवार, दुपारी ४:५५

तेच ते. रिमूव्हच्या ओळीत जेवढी नावं आहेत तेवढी सगळी परत घाला, सुडो एपीटी इन्स्टॉल आणि पुढं ती नावं एकामागं एक. ते आता पल्सऑडिओ काढू का विचारेल, काढू द्या. मग मशीन एकदा बंद-चालू करा. नुसती सर्व्हिस चालू-बंद करूनही होतं पण तुमच्याकडं दोन-दोन आवाजाच्या यंत्रणा एकमेकांत अडकल्या असतील, रिस्टार्टच बरा.

कागल_नाका | शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

धाग्यात माझं घुसडतो, माफ करा, पण विषय जवळचाच आहे. माझा ब्लूटूथ कीबोर्ड आहे, पाच मिनिटं हात लावला नाही की नंतर पहिली तीन-चार अक्षरं खातो. बिलं करताना गिऱ्हाईकाचं नाव पाटीलचं टील होतं. डाँगल रिअलटेकच्या चिपेचा आहे. काय असेल?

रंकाळा_टॉवर | शुक्रवार, संध्याकाळी ७:००

दोन शक्यता. एक, कीबोर्ड स्वतःच बॅटरी वाचवायला झोपतो, त्याला टर्मिनलमधनं काही करता येत नाही, एक कळ आधी दाबून जागा करायची सवय लावायची. दुसरी, लिनक्स डाँगलला झोपवतं. दुसरी आहे का बघायला:

कॅट /सिस/मॉड्यूल/बीटीयूएसबी/पॅरामीटर्स/एनेबल_ऑटोसस्पेंड

वाय आलं तर झोपवणं चालू आहे. बंद करायला /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये एक नवी फाईल करा, नाव काहीही द्या पण शेवटी .कॉन्फ पाहिजे, आत एकच ओळ: ऑप्शन्स बीटीयूएसबी एनेबल_ऑटोसस्पेंड=०. रिस्टार्ट करून परत कॅटनं बघा, एन आलं पाहिजे. डेस्कटॉप चोवीस तास भिंतीच्या सॉकेटवर असतो, डाँगलची वीज वाचवून आपल्याला काही मिळत नाही.

रिअलटेकवरनं आठवलं म्हणून लिहून ठेवतो. जुन्या सिस्टिमवर नवा डाँगल लावला की एलएसयूएसबीत दिसतो पण ॲडॉप्टर येत नाही, आणि डीमेसेजमध्ये आरटीएल८७६१बीयू नावाची फाईल लोड झाली नाही आणि शेवटी -२ असं असतं. -२ म्हणजे ती फाईल तिथं नाहीच. लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अपडेट केलं की ती येते. मग डाँगल काढून परत लावा.

टाकाळा_डीटीपी | शुक्रवार, रात्री ८:०५

जोडला गेला!! मी यूट्यूबवर एक अभंग लावला, वडिलांनी हेडफोन लावून बघितला, पंधरा मिनिटं अजिबात तुटला नाही. तुम्हा तिघांचे किती आभार मानू.

टाकाळा_डीटीपी | शुक्रवार, रात्री ९:५०

परत तुटतोय. वडिलांनी जेवणानंतर कॅसेटचं कीर्तन लावलं आणि पहिल्या मिनिटापासून तेच, दोन सेकंद आवाज, मग गप्प, मग दोन सेकंद. बुवा पूर्वरंगात अभंग म्हणतायत आणि शब्द अर्धेच ऐकू येतात. आठनंतर तर काहीच कमांड टाकलेली नाही. दिवसा चांगलं आणि रात्री वाईट हे काय आहे?

उद्यमनगर_लेथ | शुक्रवार, रात्री १०:१०

हा आता तुझा मूळ बिघाड. सॉफ्टवेअरची बाजू तपासून झाली, आता रेडिओची बाजू. रात्री शेजारपाजारचे सगळे वायफाय जोरात असतात, त्यामुळं असेल का? एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट टाकून बघ, कुठल्या चॅनेलवर किती आहेत.

गंगावेश_मनोज्ञ | शुक्रवार, रात्री १०:२५

एवढं कशाला करताय, नवीन डाँगल घ्या ब्लूटूथ ५.३ वाला, चारपाचशेत येतो. नकली चिपेवर किती वेळ घालवणार.

लक्ष्मीपुरी_रेडिओवाला | शुक्रवार, रात्री ११:००

मी रेडिओ दुरुस्तीत तीस वर्षं काढली, आता दुकान बंद केलं. कॉम्प्युटरचं मला जेवढ्यास तेवढं कळतं पण हा प्रकार रेडिओचाच आहे म्हणून लिहितो.

ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमध्ये चालतं, एकेक मेगाहर्ट्झचे ७९ चॅनेल. हेडफोन आणि डाँगल एका चॅनेलवर बसून राहत नाहीत, सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतात, आणि जिथं वायफायची गर्दी आहे ते चॅनेल टाळायला पण शिकतात. दसऱ्याला महाद्वार रोडवर चालताना माणूस जसा मोकळी जागा बघून पाय टाकतो तसं. शेजारचे दोन-चार वायफाय असले तरी एका वायफायनं वीसेक चॅनेल अडतात, बाकीचे मोकळे असतात. त्यामुळं शेजाऱ्यांनी थोडं तुटेल, पण दर दोन सेकंदाला, पहिल्या मिनिटापासून, हातभर अंतरावर तुटत असेल तर सगळा पट्टाच कुणीतरी व्यापलाय, आणि तो जवळचाच कुणीतरी आहे. पूर्वी मिक्सर लावला की मीडियम वेव्हवर खरखर यायची ना, मग आम्ही रेडिओ उघडायचो नाही, आधी घरात काय चालू आहे विचारायचो.

तर बाळा, तुला तेच विचारतो. दिवसा तू गाणं लावतोस आणि रात्री वडील लावतात, ह्यात नक्की काय काय वेगळं असतं? वेळ सोडून. दिवा, पंखा, चार्जर, कशाला काय जोडलेलं असतं, सगळं सांग. नवीन डाँगल त्याच जागी लावलास तर त्यालाही तोच त्रास होईल.

टाकाळा_डीटीपी | शुक्रवार, रात्री ११:३०

काका, तुमचं वाचून मी उठून त्या खोलीत जाऊन बघून आलो. पंखा, दिवा सारखाच. एकच गोष्ट वेगळी आहे. मी दिवसा तपासतो तेव्हा यूट्यूबवरचं लावतो. वडील लावतात ते हार्डडिस्कवरचं. हार्डडिस्क दिवसा कपाटात असते, रात्री जेवणानंतर ते स्वतः मागं वाकून जोडतात. मागं शेजारीशेजारी दोन निळे यूएसबी पोर्ट आहेत, एकात डाँगल आणि दुसऱ्यात डिस्क. दोघांत बोटभर पण अंतर नाही.

रंकाळा_टॉवर | शुक्रवार, रात्री ११:४०

काकांनी बरोबर पकडलं!!! निळे पोर्ट म्हणजे यूएसबी ३. त्याचा डेटा ५ गिगाबिट वेगानं जातो आणि त्याची रेडिओ खरखर नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरते. इंटेलनं २०१२ सालीच ह्यावर एक सविस्तर लेख काढला होता, यूएसबी ३ च्या डिस्कशेजारी वायरलेस माऊस, कीबोर्ड का अडखळतात ह्यावर. डिस्कची केबल आणि तिचं कनेक्टर नीट झाकलेलं नसेल तर खरखर आणखी वाढते. डिस्क नुसती जोडलेली असली तरी पुरतं, गाणं वाचत असलीच पाहिजे असं नाही.

अंदाजावर जाऊ नका, मोजून बघा. हेडफोन जोडलेला असताना:

सुडो एल२पिंग -सी ३० आणि पुढं हेडफोनचा पत्ता

ही कमांड हेडफोनला तीसदा हाक मारते, उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते प्रत्येक ओळीच्या शेवटी येतं. एकदा डिस्क लावून करा, एकदा डिस्क काढून. डिस्क काढायच्या आधी फाईल मॅनेजरमधनं इजेक्ट करा मात्र, त्यात वडिलांचं आयुष्यभराचं रेकॉर्डिंग आहे, आणि त्याची दुसरी कॉपी नसेल तर उद्याच करून ठेवा.

टाकाळा_डीटीपी | शनिवार, सकाळी ७:२०

रात्री आई-वडील झोपल्यावर अंधारात जाऊन केलं. डिस्क काढून तीसच्या तीस ओळी दहा ते वीस मिलिसेकंदात. डिस्क लावली, तीच कमांड, दुसऱ्याच ओळीला १८०, मग ३१०, मग १५, मग ४०० च्या वर. मध्येच एक ओळ यायला इतका वेळ लागला की मला वाटलं अडकलं. परत डिस्क काढली, परत दहा-वीस. तीनदा केलं. आता शंका उरली नाही.

कॉपीचं पण लक्षात आलं, आजच करतो.

लक्ष्मीपुरी_रेडिओवाला | शनिवार, सकाळी ८:००

छान मोजलंस. आता एक यूएसबीची एक्स्टेन्शन वायर आण, दीड मीटरची, साधी यूएसबी २ ची. डाँगल मागनं काढ आणि ह्या वायरीनं टेबलाच्या पुढच्या कडेला आण, उघड्यावर. कॅबिनेट म्हणजे पत्र्याचा डबा आणि त्याच्या मागं भिंत, तिथं लावलेला डाँगल विहिरीतनं हाक मारल्यासारखा असतो. डिस्क पण पुढच्या काळ्या पोर्टात लाव, यूएसबी २ च्या. गाणी ऐकायला तेवढा वेग भरपूर आहे आणि वडिलांना मागं वाकायला नको.

गंगावेश_मनोज्ञ | शनिवार, सकाळी ९:१५

मी डाँगल बदला म्हणालो होतो ते मागं घेतो, हे वाचून मी पण माझ्या मशीनच्या मागं बघितलं, माऊसचा रिसीव्हर निळ्यातच आहे आणि शेजारी पेनड्राईव्ह. आज पुढं आणतो.

कागल_नाका | शनिवार, दुपारी १२:४०

ऑटोसस्पेंड बंद केलं, रिस्टार्ट केलं, एन आलं. सकाळपासून चाळीसेक बिलं झाली, एक अक्षर गेलं नाही. आभारी आहे.

आणखी एक, माझ्याकडं त्याच मशीनवर विंडोज पण आहे, टॅलीसाठी. तिकडं जाऊन आलं की कीबोर्ड परत पेअर करावा लागतो, हे पण बरं होईल का?

रंकाळा_टॉवर | शनिवार, दुपारी १:१०

होईल पण जरा किचकट आहे. पेअर करताना दोघं मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात. कीबोर्डच्या लेखी विंडोज आणि लिनक्स हे एकच मशीन, कारण डाँगल तोच, पत्ता तोच. तुम्ही विंडोजमध्ये पेअर केलं की नवी किल्ली ठरते आणि लिनक्सकडची जुनी निकामी होते. उपाय म्हणजे विंडोजकडची किल्ली काढून लिनक्समध्ये /व्हार/लिब/ब्लूटूथ खाली डाँगलच्या पत्त्याच्या फोल्डरमध्ये, त्यात कीबोर्डच्या पत्त्याच्या फोल्डरमध्ये, इन्फो नावाच्या फाईलमध्ये लिहायची. मी वेगळा धागा काढतो त्यासाठी, इथं नको, टाकाळावाल्यांचं राहून जाईल. तोवर सोपा मार्ग म्हणजे दोन डाँगल, एक विंडोजमध्ये पेअर करायला आणि एक लिनक्समध्ये. कीबोर्डला दोन-तीन उपकरणांची बटणं असतील तर एकावर एक, दुसऱ्यावर दुसरं.

टाकाळा_डीटीपी | रविवार, रात्री ११:१५

काल संध्याकाळी राजारामपुरीतनं वायर आणली, शंभर रुपये. डाँगल टेबलाच्या पुढच्या कडेला दुहेरी टेपनं चिकटवलाय. डिस्क पुढच्या काळ्या पोर्टात. डिस्क लावून एल२पिंग केलं, तीसच्या तीस ओळी वीसच्या आत.

काल रात्री वडिलांनी लावलं. मी दारातच उभा होतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ते डोळे मिटून मांडीवर बोटांनी ठेका धरत होते. बुवांचा पूर्वरंग संपून मध्ये गजर सुरू झाला तेव्हा ते स्वतःशीच विठ्ठल विठ्ठल म्हणायला लागले, हेडफोन कानावर असल्यामुळं मोठ्यानं, आई जागी झाली पण काही बोलली नाही.

कनेक्टची ओळ मी कीबोर्डच्या शॉर्टकटमध्ये घातलीय, ब्लूटूथसीटीएल कनेक्ट आणि पत्ता, एफ९ दाबलं की हेडफोन जोडला जातो. कळीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. ट्रस्ट केल्यामुळं बहुतेक वेळा तिची गरजच पडत नाही, पण त्यांना ती कळ दाबायला आवडते.

गाण्यांची दुसरी कॉपी पण झाली, ती माझ्या लॅपटॉपवर आहे.

लक्ष्मीपुरी_रेडिओवाला | रविवार, रात्री ११:३०

वाचून डोळे भरले रे. एक विचारतो, कॅसेटवरनं घेताना आवाज दबल्यासारखा, उंच सूर बारीक झाल्यासारखा येतो का कुठं? टेपच्या हेडचा कोन त्या कॅसेटला जुळला नाही की तसं होतं. तसं असेल तर ती कॅसेट घेऊन ये, माझ्याकडं अजून एक डेक चालू आहे, हेडचा स्क्रू जुळवून परत घेऊ.

टाकाळा_डीटीपी | सोमवार, रात्री १०:०५

काका, आहेत अशा सात-आठ. ह्या रविवारी सकाळी येतो, वडील पण येतो म्हणतायत. आज त्यांनी जेवताना त्याच कीर्तनाच्या कॅसेटची दुसरी बाजू कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते विचारलं, मिंट टाकल्यापासून तिथपर्यंत ते पोचलेच नव्हते. आत्ता उत्तररंग चालू आहे.